कुंपणाचा काढा

वरच्या मजल्यावरून ओगल्यांचा खोकला ऐकू येतो.
रात्री दोनला, साडेतीनला,
मग पर्वतीकडचे कावळे उठतात तेव्हा.
मी पडल्या पडल्या मोजते.

सोसायटीच्या भिंतीला अडुळसा होता.
सोपान मरगळेनं लावलेला, वेल्ह्याहून काड्या आणून.
"शेळीसुद्धा तोंड लावत न्हाई, ताई,
म्हनून कुंपनाला बरा."
रात्रपाळीला तो खुर्चीत
आणि पाठीशी ती पांढरी फुलं,
जबडा उघडून बसलेली.

मग सर्वसाधारण सभा झाली.
विषय क्रमांक चार : वाहनतळ.
ओगल्यांनी चष्मा पुसत ठराव वाचला,
अनुमोदन मिळालं, वेफर्स वाटले गेले.
मीही हात वर केला होता.
हे खरं तर आधी सांगायला हवं होतं.

रविवारी भिंत उघडी पडली.
पिवळे पट्टे आखले. बी-सातवर माझी स्कूटर असते.
सोपानच्या जागी कॅमेरा आला.
जाताना त्यानं चार काड्या दिल्या
पेपरात गुंडाळून, काही न बोलता.
तीन वाळल्या.
एक धरली, गॅलरीतल्या फुटक्या बादलीत,
गवती चहाच्या शेजारी.

आज सहाला आधण ठेवलं.
पिकायला आलेली सात पानं,
पुसून, देठ काढून, हातानं फाडलेली;
इथे सुरीचं काम नाही.
गवती चहाची एक पात. तिनं बोट कापलंच, नेहमीसारखं.
ज्येष्ठमध, बोहरी आळीतल्या त्या दुकानातला
जिथे पुडीला अजून दोरा बांधतात.
दोन मिरी, एक लवंग,
सुंठ नखावर बसेल एवढी.
झाकण ठेवायचं नाही. थांबायचं.
चार कपांचे दोन होईपर्यंत
पाणी काय काय बोलतं ते ऐकत.
रंग आधी गवताचा, मग न घासलेल्या तांब्याचा,
आणि वास
रात्री उशिरा फाटक उघडून घेताना यायचा तोच.

थर्मास घेऊन जिना चढले.
ओगल्यांनी मफलर सारून घोट घेतला,
चेहरा आखडला.
"फार कडू आहे हो."
"असतो."
"घातलंय काय यात?"
"कुंपण," मी म्हटलं.

ते बघत राहिले, आधी माझ्याकडे,
मग खिडकीतून खाली, पट्ट्यांकडे.
पेला मात्र संपवला.

संध्याकाळी थर्मास दाराशी होता, विसळलेला.
भांडं रिकामं परत करू नये म्हणून
झाकणात खडीसाखरेचे चार खडे.
चिठ्ठी वगैरे काही नव्हती.

रात्री दोनला खोकला आला.
साडेतीनला आला नाही.
किंवा मला झोप लागली असेल.