साक्षीचा खडा

द्रोणागिरी, यार्डातली चौथी लाइन.
रात्रीचे दोन वाजून वीस.
दादरीहून आलेली रेक, पंचेचाळीस वाघिणी,
उभ्या राहिल्यात, अंगाला तापल्या लोखंडाचा वास.
मी आकडे लिहिते. एवढंच माझं काम.
चार अक्षरं, सहा आकडे, आणि शेवटी
चौकटीत कोंडलेला एकटा एक.

नवीन पोरांना वाटतं, तो शोभेचा.
तो साक्षीदार असतो.
आधीच्या दहांना ठरल्या पटीने गुणायचं, बेरीज मारायची,
अकराने भागायचं; जे उरतं ते त्याच्याशी जुळलं पाहिजे.
नाही जुळलं तर दहांतलं कुणीतरी खोटं बोलतंय
किंवा क्रेनने कुणाचं तरी तोंड खरवडलंय.

सव्विसाव्या वाघिणीवरचा डबा जुळत नाही.
मशीन म्हणतं पाच. चौकटीत सहा.

चौदाशे किलोमीटर हा डबा रुळांवरून आला बिनबोभाट,
आता धक्क्यापर्यंतचे चार उरलेत,
तिथे आमचे रूळ नाहीत, ट्रेलरची पाठ आहे,
आणि हे चार कधी कधी चौदाशेंहून लांब होतात.
गेटापासून जासईच्या पुलापर्यंत लाल दिव्यांची माळ.
केजचा इलियास तांबोळी, नंबर पहिला,
बाजूच्या आरशात बघत दाढी करतोय,
अर्ध्या गालावर फेस.
“ताई, पाच काय नि सहा काय,
साडेचारला बोटीचं गेट बंद. लिहा ना काहीतरी.”

काहीतरी.

ही चौथी लाइन जिथे आहे तिथे आमचं मिठागर होतं.
नक्की इथेच का, ते बाबाही सांगू शकत नाही आता,
भरावाने सगळ्या खुणा सारख्या केल्या.
मचव्यावर मीठ चढायचं तेव्हा
फळीच्या या टोकाला बाबा, त्या टोकाला आई,
वीस टोपल्यांमागे एक खडा, दोघांचे ढीग वेगळे,
एकमेकांकडे बघायचं नाही.
शेवटी ढीग सारखे भरले तर
बाबा कनवटीचा काळा खडा काढून फळीवर ठेवायचा,
मग मचव्याचा दोर सुटायचा. मुनीमाची वही नंतर.
एकदा एका खड्याचा फरक आला
तर ओहोटी लागली तरी हसुराम घरत हलला नाही,
मचवा गाळात बसला, मुनीमाने आई-बहीण काढली.
“साक्षीचा खरा नाय ठेवला,” एवढंच म्हणाला.
ड आमच्या तोंडात बसत नाही,
खडा म्हणायला गेलं की खरा होतो.
शाळेत बाई हसायच्या. मीही सुधारला मग.

मी उतरले. टॉर्च आडवी धरली,
ओढणीच्या टोकाने पत्रा पुसला.
कुठल्याशा समुद्राचा जुना खार बोटांना लागला.
तिसरा आकडा तीन.
तीनच्या डाव्या अंगाला मात्र रंग गेलेला,
नखाला लागेल न लागेल अशी एक कड,
वळत गेलेली, वर एक, खाली एक.
आठ होता.
आठचा अर्धा कुठल्यातरी साखळदंडाने खाल्लेला.

आठ टाकला. मशीन म्हणालं, सहा.
सील शाबूत. गुणवंताने क्रेन आणली,
डबा उचलला गेला तेव्हा
वाघिणीच्या स्प्रिंगा सैल होऊन कण्हल्यासारख्या वाजल्या.
इलियासने फेस पुसला, दाढी अर्धीच,
तसाच चढला केबिनमध्ये.
तीन वाजून पाच.

पोचला का वेळेत, मला कळणार नाही.
धक्क्यावरचं आम्हाला कोणी सांगत नाही,
आणि आमचं त्यांना.
रुळांमधली खडी चपलेत शिरली होती,
ती झटकली, एक काळी तेवढी मुठीत राहिली.
पुलावर चढताना त्याने एकदा भोंगा दिला,
मला, की आडव्या आलेल्या डंपरला,
कोण जाणे.

सत्ताविसावी वाघीण.