डाव्या पायाचं माप

सुभाषनगरात आमच्या दुकानी
काचेमागं एक जोड आहे, विकायचा नाही.
गिऱ्हाईक विचारतं, डावी करंगळीकडं आखूड का?
वेणी विणता विणता मी सांगते,
तो पाय तसाच होता.

आजा, ईश्वरा व्हटकर, पलटणीचा मोची.
सिंगापूर पडलं तेव्हा रापी-आरीसकट कैद झाला.
तिथं एका दुपारी मोटारीतून उतरला
जपानच्या राजघराण्यातला कर्नल,
बूट उसवलेला.

दुभाष्यानं बजावलं, यांना शिवायचं नाही.
यांचा शिंपीसुद्धा माप घेतो
हातभर लांबून, नजरेनं.
आजा हसला म्हणे.
गावाकडं तोही असाच, न शिवायचा,
फक्त दुसऱ्या टोकाचा.
"शिवायचं न्हाई, तर शिवू कसं?"
हे काही दुभाष्याला जपानीत नेता आलं नाही.

मग त्या माणसानं आपणच मोजा काढला
आणि पाय ठेवला कागदावर.

पेन्सिल फिरली.
थोडं दुभाषा बोलला, थोडं आज्यानं टाचेवरून वाचलं:
पाचव्या वर्षी आईपासून तोडलेला,
अकराव्या वर्षी लष्करी शाळेत
टाचेला टाच जुळवायला शिकलेला,
मांचुरियाच्या बर्फात दोन बोटं ठेवून आलेला पाय.
तळवा मऊ. अनवाणी कधी चाललाच नव्हता.
त्याच्या सहीनं कुठली गावं जळली
ते पायावर दिसत नव्हतं.
आज्यानं मात्र त्याच छावणीत
स्वतःच्या हातानं अठरा जण पुरले होते.
तेही कागदावर आलं नाही.

सुटून आल्यावर तीन वर्षं कागद ट्रंकेत.
मग एका दिवाळीत उठला,
बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं पुढ्यात ओढलं.
भाऊबंद भांडले. कुणासाठी रे? त्याच्यासाठी?
म्हणाला, माप घेतलंय. जोड द्यायला लागतो.
उजवा पाय अंदाजानं.
तळात करकर भरली, नेहमीपेक्षा जास्तच,
असला माणूस येतोय
हे आधी कळलेलं बरं.

सात महिन्यांनी पार्सल परत.
शिक्का कुणाकडून तरी वाचून घेतला:
या नावाचा राजपुत्र आता कुणी नाही.
इकडंही त्याच साली संस्थान विलीन झालेलं,
भवानी मंडपात माणसं हळू बोलत होती.
आज्यानं सुतळी सोडली, गुंडाळून ठेवली.
"मग आता शिवायला हरकत न्हाई त्याला."

कधी दुकान बंद असलं की
डावी मी पायात घालते.
माझी दोन बोटं बाहेर, फरशीवर.
करकर अजून आहे.