रिकाम्या गाडीचं माप

तांडापेठेत हेडाऊ मिस्त्रीच्या शेडमध्ये
पंख्याला तीन पाती, त्यातलं एक नवीन,
म्हणून तोही जरा एकीकडे ओढतो.

अँबेसेडर उजवीकडे कलली आहे.
बाबा म्हणतात, नाही.
चाळीस वर्षं त्यांनी तिला आतून पाहिली,
आणि आतून ती सरळच होती.

मिस्त्री उकिडवा बसतो,
चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरतो.
डावीकडे चौदा. उजवीकडे सव्वातेरा.
"एकच माणूस बसत होता काय जी इच्यात?"

बाबा चहाच्या ग्लासात पाहतात.
कोराडीची शिफ्ट, रात्री दहा ते सकाळी सहा,
जाताना एकटे, येताना एकटे,
शेजारच्या सीटवर डबा.
डब्याचं वजन ते किती.

पुढे स्प्रिंग नाही, पट्टे नाहीत.
खाली नुसत्या दोन पोलादी कांबी, टॉर्शन बार,
एक डावी, एक उजवी,
जन्मभर आपापल्या अंगाला पिळवटलेल्या.
मी विचारते, अदलाबदल केली तर?
उजवी थकली, डावी धडधाकट.
"नाई जमत बाई.
जिले जिकडं पीळ बसला, थे तिकडंच काम करते.
उलटी लावली तं मोडते."

पोट्टा छिन्नीने खूण करतो,
जॅक चढवतो, कांब दात्यांतून ओढतो,
एक दाता पुढे सरकवून पुन्हा ठोकतो.
पाऊण इंच म्हणजे एक दाता.
एवढंच होतं तर.

मला घाई चाकांची.
वर्धा रोडला हात सैल सोडला
की गाडी दुभाजकाकडे जाते,
टायर आतल्या कडेला इतका झिजला
की पोट्टा नख फिरवतो आणि सूत दिसतं.
पण नाही. आधी उंची, मग चाक.
उंची हलली की चाकाचं तोंड हलतं,
आज बांधलेलं माप उद्या खोटं.

मग तो खिशातून दोरा काढतो.
पांढरा, दुहेरी पिळाचा, बोटांनी मळलेला.
"बापाच्या मागावरचा हाये.
माग गेला भंगारात, किलोच्या भावानं.
दोन बॉबिन राह्यल्या, माह्या जिंदगीले पुरतीन."
मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत
गाडीच्या दोन्ही अंगांनी धागा ताणतो,
बोटाने छेडतो, ऐकतो,
पुन्हा ताणतो.
वर्धा रोडला मशीन आहे, संगणकाचं, एसीत.
ते म्हणाले होते, हे मॉडेल आमच्या यादीत नाही.

"आता बसा."
कोण?
"जे चालवतीन थे. रिकाम्या गाडीचं माप
रिकाम्या गाडीलेच कामाचं."

बाबा उठतात. सवयीने.
उजव्या दारापाशी जातात, मूठ धरतात.
मोतीबिंदू नाही, त्याच्याही मागचं काहीतरी, पडद्याचं.
मार्चमध्ये परवाना त्यांनी स्वतःच कपाटात ठेवला,
विजेच्या जुन्या बिलांखाली.
आम्ही त्यावर बोललो नाही.

मूठ तापलेली असणार, शेचाळीस डिग्रीत.
ते ती बराच वेळ सोडत नाहीत.
मिस्त्री धाग्याकडेच पाहत राहतो,
जणू धागाच काहीतरी करून राहिला आहे.

मग बोनेटवर हात ठेवत, पुढून वळसा घेऊन,
बाबा डावीकडे येतात.
"दार जरा उचलून ओढ," मला सांगतात.
मला ते दार लहानपणापासून ठाऊक आहे.
मी उचलून ओढते.

मी अठ्ठावन्न किलो.
शेजारी बाबा, एकसष्ट उरलेत.
पोट्टा बंपरवर चढून दोनदा उड्या मारतो,
गाडी बसू दे म्हणून.
मिस्त्री खालून ओरडतो, "हालू नका जी."

आम्ही हलत नाही.
समोर भिंतीवर कॅलेंडर,
एप्रिल अजून कोणी फाडलेला नाही.
बाबा सरळ पुढे पाहतात,
आणि त्यांचा डावा पाय, जिथे काहीच नाही तिथे,
हळूच क्लच दाबतो.

"कोन हाललं?"
खालून आवाज येतो.