पानाखाली

मणेराजुरीच्या रस्त्याला, बेदाण्याच्या शेडमध्ये
मी वजनं लिहायचो. बी.कॉम.चे दोन विषय राहिलेले,
अंगाला गंधकाच्या धुरीचा वास,
आणि वहीच्या मागच्या पानांवर
हिंदुराव फिटरच्या लावण्या.

हिंदुराव ब्लोअर दुरुस्त करायचा.
नोझल फुंकता फुंकता त्याला सुचायचं.
ग्रीसचे हात पँटीला पुसत यायचा,
"लिव्ह लगा, न्हायतर उडून जाईल."
ऱ्हस्व-दीर्घ माझे, चावटपणा त्याचा,
असा आमचा करार.

आत चाळीस बायका काड्या वेचत बसलेल्या.
त्यांच्या कानी पडू नये म्हणून
तो हळूच गायचा, म्हणजे
शेवटच्या कोपऱ्यात नीट ऐकू जाईल इतकंच.

त्या दिवशीचं कडवं असं होतं:

    पंप माझा नवा कोरा, लांब जातो फवारा,
    एका दमात भिजवीन, सखे, मळा तुझा सारा

स्वतःच हसला. मांडीवर थाप मारली.
मी 'फवारा'चा शेवटचा काना नीट केला.

तेवढ्यात बायाक्का उठली.
साठी ओलांडलेली, कपाळावर हिरवं गोंदण.
पदरातल्या काड्या झाडत आली न् म्हणाली,
"लांब जाऊन काय करायचंय रं?
पानाखाली पोचतंय का, ते सांग.
डावणी पानाखालीच असती."

शेड क्षणभर गप्प.
मग बाया अशा हसल्या
की शालनला ठसका लागला,
चाळणी पालथी झाली,
शेठचं कुत्रं उठून बाहेर गेलं.
हिंदुरावनं उगीच पाना शोधला. पाना हातातच होता.

"गडी लिव्हतो ती गड्यांच्या गुदगुल्या," बायाक्का म्हणाली.
"बाईच्या तोंडी घालतोस, तर बाईला इचार की.
पोरा, घे लिहून."

    लांब कशाला मारता, राया, पानाखाली मारा,
    वरवर भिजली बाग सगळी, आत कोरडा वारा

पहिल्या ओळीला पुन्हा हशा.
दुसऱ्या ओळीला कुणीच हसलं नाही.
चाळण्या मात्र जरा जोरात फिरल्या.

फडवाल्यानं पाचशे रुपये दिले आणि नारळ.
हिंदुराव अर्धे घेऊन आला. तिनं नारळ ठेवला.
"आन् नाव?" तो म्हणाला. "शेवटाला नाव घालायची रीत हाय."
"माझं घातलंस तर जीभ हासडीन."
तो तीन दिवस गप्प. चौथ्या दिवशी
बिलाच्या पाठीवर शेवट घेऊन आला:

    हिंदुराव म्हणे, अगं बया! थांबा, दम जरा धरा

मी वाचलं. 'बया'पुढचं ते चिन्ह पाहिलं.
पहिल्यांदाच त्याचं लिहिलेलं
मी कुठंच दुरुस्त केलं नाही.

जत्रेत ती लावणी तीनदा झाली.
शिट्ट्या, फेटे, नोटा.
बाया काही तंबूत जात नाहीत.
बायाक्का माळवदावर पडून राहिली,
कर्ण्यातून येईल तेवढं,
वारा देईल तेवढं ऐकत.

दुसऱ्या दिवशी काड्या वेचताना तिनंच सांगितलं:
दादू अण्णा पहाटे तीनला घरी आले
गुणगुणत, तीच ओळ, पानाखाली, पानाखाली.
धाची नोट उधळली म्हणाले.
म्हणाले, कुठल्या येड्यानं लिव्हलंय, पर लिव्हलंय!

"मग तू काय म्हणालीस?"
"काय म्हणणार. म्हटलं, पाय धुवा आन् झोपा."

पंधराची पेटी काट्यावर चढली. मी आकडा लिहिला.
बराच वेळ तिनं मान वर केली नाही.
मग मुठीतल्या बेदाण्यावर फुंकर मारत,
काडीलाच विचारल्यासारखं,
"पोरा, तू म्होरं बसलावतास न्हवं?
ती बाई त्या बया वर थांबली का रं?"

"थांबली."

"लई?"

"बरीच. ढोलकी सुद्धा थांबली."

"हां," ती म्हणाली,
"मग जमलं."