सहाशे आठ नंबरचं बेअरिंग

कासोद्याला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान.
चेतनाची पहिली बेअरिंगं मीच दिली,
जळलेल्या ग्रायंडरांतून काढून, रॉकेलात धुऊन.
आठ लागतात. सहा जमली,
दोन एरंडोलहून नवी आणली, तीच आधी वाजायला लागली.

रब्बीचं शेवटचं आवर्तन गेलं
की गिरणेचा पाट कोरडा.
काँक्रीटचे दोन उतार, समोरासमोर,
तळाला भेगाळलेला गाळ, कुणाची तरी चप्पल.
ती खराट्यानं वीस फूट झाडून घ्यायची
आणि या काठावरून सुटायची
ती त्या काठावर,
हवेत.
मे महिन्यात काँक्रीट तापायच्या आत,
साडेपाच ते सात.
शेळ्या घेऊन निघालेले मन्सारामबाबा थांबायचे,
"ती पाटमा काय करस?"
"पडस," मी सांगायचो.

पुढचं लांबलचक आहे.
पुण्याची स्पर्धा, उसने बूट, मापानं मोठे,
आत घरचाच कापूस कोंबलेला.
मग एक कंपनी. फळ्या फुकट,
पगार माझ्या हंगामातल्या कमाईपेक्षा कमी.
मग ती गावं, ज्यांची नावं आई
अर्धी बोलते, अर्धी गिळते.

रात्री-अपरात्री फोन यायचा.
मागे कुठल्यातरी परक्या फुटपाथवर चाकांची घरघर.
"मागचं डावं कोरडं पडलंय," मी म्हणायचो.
"दादा, झोप ना."
सकाळी मेसेज: हो. मागचं डावंच.

तिच्या नावाची फळी निघाली तेव्हा
कंपनीनं विचारलं, चित्र कशाचं हवं?
वाघ, ज्वाळा, देवी, काय वाटेल ते.
तिनं पाटाच्या कडेचा किलोमीटरचा दगड काढून घेतला,
पांढरा, वर काळा एक्केचाळीस.
लोकांना वाटलं, लकी नंबर.
तिनं वाटू दिलं.
मोडलेल्या फळ्यांचे तुकडे ती घरी आणायची.
एकावर आई भरताची वांगी ठेचते.
नाव खालच्या अंगाला आहे,
घासतानाच दिसतं.

एकोणतिसाव्या वर्षी घोटा गेला.
एक पट्टी, सात स्क्रू.
मी डॉक्टरांना स्क्रूचं माप विचारलं,
ते हसले. मी खरंच विचारत होतो.
कंपनीचं पत्र आलं, फार गोड भाषेत.
तेव्हापासून ती दुकानात बसते,
तांब्याच्या तारेचे वेढे मोजते,
आणि मोजताना कुणी बोललं की चिडते.

काल संध्याकाळी पाटावर गेलो.
पाणी सुटलेलं, काठोकाठ.
"रातले उनं पानी," मन्सारामबाबा म्हणाले,
आता त्यांच्याकडे दोनच शेळ्या.
ती बराच वेळ बघत उभी राहिली,
पाण्याकडे नाही, पाण्याखालच्या उताराकडे.
म्हणाली, "एवढा काही खोल नव्हता रे."

परत येताना मी पुढे, ती मागे.
दर पावलाला एक बारीक टक्,
धातूचा.
मी वळलो नाही, बोललो नाही.
"डावंच आहे,"
तीच म्हणाली.