माप

दौलतगंजातून लोकर आणली,
विटकरी नि राखाडी. तिसरा रंग घरचाच:
यांचा ऑफिसचा बाटली-हिरवा स्वेटर उसवून,
किटलीच्या वाफेवर धरून सरळ केलेला धागा.

पोंचो सोपा. दोन लांब पट्ट्या,
एक ओळ सुलट, एक उलट,
आठ ओळी झाल्या की रंग बदल.
ना बाह्या, ना काखेशी टाके घटवणं.
कुमुदवन्संचा खांदा धरलाय,
हात वर जात नाही,
हे मला परस्पर कळलं.
प्लॉटच्या भांडणापासून आम्ही बोलत नाही.
बाहीसाठी माप विचारावं लागलं असतं.

जानेवारीत लश्करात धुकं
दुपारपर्यंत दारात बसून असतं.
सिगडी पायाशी ओढून विणत राहिले.
एकदा लाइट गेली. अंधारात हात चालतात,
मोजत नाहीत:
एक राखाडी पट्टा अकरा ओळींचा झाला.
असू दे म्हटलं.

शेवटी गळ्याची फट. डोकं जाईल एवढी.
इथे अडले.
मग आठवलं, लग्नकार्यांत
त्यांचा अंबाडा मीच घालून द्यायचे,
आकडे दातांत धरून.
त्या अंबाड्यासकट फट सोडली.

भाच्याच्या स्कूटरवर पाठवला,
उशीच्या जुन्या अभ्र्यात. चिठ्ठी नाही.

तिसऱ्या दिवशी फोन, चार वर्षांनी:
"वहिनी, गळा मोठा झालाय.
केस कापले मी. वारा शिरतो."

घेऊन या, म्हटलं.
हिरवा थोडा उरलाय.