सहनमर्यादा

सूरच्या बंदरावर, मत्स्यकेंद्राच्या मागच्या खोलीत
पॅकेज तिसऱ्यांदा बसवलं.
आधी कंपायलर रुसला, मग एक लायब्ररी जुनी निघाली.

आता चाचण्या: चारशे बारा.
उत्तरं आधीच ठाऊक असलेले प्रश्न
यंत्राला विचारायचे, नि श्वास धरून बसायचं.

हिरवं, हिरवं, हिरवं.
तीनशे सातवी लाल.
क्षारतेची सरासरी; सातव्या दशांशात एकाचा फरक.

बुदूर म्हणाली, "सहनमर्यादा वाढव थोडी.
समुद्र इतकं बारीक मोजत नाही."

फोन वाजला. आक्का.
"जेवलास?"
रोजचा प्रश्न, ठरलेलं उत्तर.
"हो," म्हटलं.
डबा टेबलावर तसाच, झाकणसुद्धा न काढलेला.

तिकडे क्षणभर काहीच नाही.
मग, "बरं."

मर्यादेच्या ओळीवर कर्सर लुकलुकतोय.
अजून हात लावला नाही.